आवरलेली खोली

पाकीट हातात आल्यावर ते वर खोलीत नेऊन, नीट बसून उघडणारी माणसं वेगळी. बत्तिशीनं ते जिन्यातच फाडलं. आत मजकूर एवढासाच होता. ‘अर्जदार व त्यांची जोडीदार सदर खोलीत एकत्र राहत असल्याचे आढळून आले नाही. सबब घरभाडे साहाय्याचा अर्ज नामंजूर.’

आधी तिला हसूच फुटलं. एकत्र राहत नाही? त्या खोलीत एकानं कूस बदलली की दुसऱ्याला उठून बसावं लागे. एकाला शिंक आली की दुसरा नाक पुसे. एकत्र राहण्यावाचून दुसरं काही करायला त्या खोलीत जागाच नव्हती!

मग तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि ‘नामंजूर’पाशी येऊन हसू विझलं.

बत्तिशी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती कवळ्या करायला शिकत होती. तिशी उलटेपर्यंत बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी वाकून वाकून तिनं दिवस काढले आणि एके दिवशी जाहीर केलं, माणसाचं हे टोक पाहून झालं, आता दुसरं पाहू. शिवाय ती हसली की दाढांपर्यंतचे सगळे दात हजेरी लावून जात. तेव्हा नाव पडलं ते तसं दोन्हीकडून बसलं.

तिच्या जोडीदाराला सगळे ‘कडक’ म्हणत. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत तो इस्त्रीवर होता, त्यावरून. स्वभाव विचाराल तर शंभरदा धुतलेल्या चादरीइतका मऊ. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. कोणाचा विरोध होता असं नाही; खिडकीची गळकी चौकट बदलायची जशी दर वर्षी ठरते आणि राहते, तसं ते ठरत होतं आणि राहत होतं.

आता शेवटचं वर्ष. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कार्यशाळेत मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे. दुकानातली अर्धवेळ नोकरी सोडणं भाग पडलं. कडकच्या पगारात भाडं भागत होतं, पण मग बाकी काही भागत नव्हतं. दात होते, चणे नव्हते. तशात तिला नगरपालिकेच्या घरभाडे साहाय्याचा शोध लागला. नियम असा होता की पूर्णवेळ शिकणाऱ्याला स्वतःला अर्ज करता येत नाही. पण तो ज्याच्याबरोबर संसार करतो तो जोडीदार शिकत नसेल आणि त्याची कमाई बेताची असेल, तर त्या जोडीदारानं दोघांसाठी अर्ज करावा. म्हणून अर्ज कडकच्या नावानं गेला. लग्नाचा दाखला नसल्यानं तपासनीस बाई घर पाहून जाणार होत्या. त्या आल्या नेमक्या बत्तिशीच्या परीक्षेच्या दिवशी. घरी एकटा कडक.

“कशा होत्या?” तिनं संध्याकाळी विचारलं होतं.

“चांगल्या होत्या. चहा नको म्हणाल्या,” एवढंच तो बोलला होता, आणि परीक्षेच्या नादात तिनंही पुढे खोदलं नव्हतं.

साहाय्य मिळालं नाही तर वर्ष सोडायचं आणि परत बुटांशी जायचं. वर्ष सोडलेल्यांची जागा कोणी राखून ठेवत नव्हतं; रांगेतला पुढचा माणूस तीवर कधीच बसलेला असे. म्हणजे सोडलं की सुटलंच.

कडक कामावरून आला तेव्हा ती दारात पत्र घेऊन उभी होती.

“त्या बाई आल्या त्या दिवशी तू काय केलंस?”

“काही नाही. जरा आवरलं.”

इथे ‘जरा’वर थोडं थांबायला हवं. इतर पुरुष जरा आवरतात म्हणजे पायानं चपला कोपऱ्यात ढकलतात. कडकला घडी घालण्याचा नाद होता. भांडी पुसायचं फडकं तो चारही कोपरे जुळवून ठेवी. बत्तिशीचं म्हणणं होतं की माणूस हाती लागला तर हा त्याचीही घडी घालून फळीवर ठेवील.

“जरा म्हणजे किती?”

“गादी गुंडाळून पलंगाखाली सारली. दोरीवरचे कपडे काढले. तुझे ते जबडे खाली घरमालकीणमावशीकडे नेऊन ठेवले.”

“सगळे?”

“खिडकीतले, फळीवरचे, आणि त्या कपातले सुटे दात. कोणी परकं माणूस येतं, त्यानं चहाचा कप म्हणून दातच उचलले तर?”

“आणि तुझे कपडे?”

“ते लाँड्रीत नेले. विटलेत ना.”

“दाढीचं सामान?”

“तेही.”

“दुसरी उशी?”

“तिचा अभ्रा फाटलाय.” त्याचा आवाज खाली खाली जाऊ लागला. “तीही मावशीकडे. तू यायच्या आत वर आणलं सगळं, जबड्यांची एक टोपली तेवढी खाली राहिली.”

बत्तिशी पलंगावर बसली. “म्हणजे बाईंना दिसली काय, तर रिकामी खोली. एक उशी, एक पलंग, आणि मधोमध तू.”

“हो.”

“विटक्या शर्टात?”

कडकनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“अरे, बोल की.”

“कोटात,” तो म्हणाला.

“कोट? तुझ्याकडे कुठला कोट?”

लाँड्रीत एक कोट कित्येक महिने टांगलेला होता. धुवायला टाकून गिऱ्हाईक जे गेलं ते परतलंच नाही. करड्या लोकरीचा, आतून रेशमी अस्तर, हाताला लागताच मालक कोण असेल याची भीती वाटावी असा. मालक सोडवायला येईना, म्हणून लाँड्रीचा शेठ कोणाची मुलाखत असली, कोणाचा फोटो असला की तो दिवसभरासाठी देई. कडकनं तो मागून आणला होता. स्वतः वाफ दिली, स्वतः ब्रश मारला.

“बाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, आपण पाहुणे का?”

“आणि तू?”

“मी म्हटलं, नाही, इथेच राहतो. तर त्यांनी कोटाकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं, आणि काहीतरी लिहिलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला! बत्तिशीच्या तोंडापर्यंत चार तिखट वाक्यं येऊन उभी राहिली. एरवी ती त्यांना रांगेत सोडून देत असे. पण कडक खाली बसला होता आणि ते नामंजुरीचं पत्र मांडीवर घेऊन नकळत त्याची घडी घालत होता, पुन्हा उघडत होता, पुन्हा घालत होता.

“का रे केलंस असं?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं पत्राच्या घडीवरून नख फिरवलं. “त्या अर्जावर माझं नाव आहे. नावापुढे लिहिलंय, अल्प उत्पन्न असलेला जोडीदार. मी म्हटलं, लिहिलंय ते लिहिलंय, निदान बाईंना दिसायला तरी नको. त्यांना वाटायला हवं, माणूस बरा आहे, जरा अडचणीत आहे एवढंच.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“तसंच.”

“पण आपण मूठ उघडी आहे म्हणूनच पैसे मागतोय ना, राजा?”

कडकला हसू आलं, पण त्यानं ते येऊ दिलं नाही. “तुला काय, तू शिकतेस. शिकणाऱ्याकडे पैसे नसले तर लोकांना कौतुक वाटतं. कमावणाऱ्याकडे नसले तर नाही वाटत.”

हे मात्र खरं होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या हातातलं पत्र काढून घेतलं आणि त्याचा हात आपल्या हातात ठेवला. इस्त्रीनं भाजून भाजून तळवा लाकडासारखा झालेला. थोड्या वेळानं म्हणाली, “उद्या मी जाते कचेरीत. तू फक्त आता काही आवरू नकोस.”

कचेरीत खिडकीपलीकडचा कारकून तिला पाहून आधीच थकला. बत्तिशी मात्र पूर्ण बत्तिशी दाखवून उभी राहिली.

“साहेब, तुम्ही घरी पाहुणे येणार म्हटल्यावर काय करता?”

“काय करतो म्हणजे?”

“घर आवरता की नाही?”

“बायको आवरते.”

“आमच्याकडे पुरुषानं आवरलं. एवढा एकच गुन्हा. आता पुन्हा तपासणी हवी.”

“घरमालकाचं पत्र आणते म्हणाल, तर ते चालत नाही हं,” कारकून घाईघाईनं म्हणाला. “भाडं त्यांनाच जाणार, ते हो म्हणणारच.”

“मी कुठे काय आणते म्हणाले? बाईंना पाठवा. एवढंच.”

“कधी येतील ते सांगत नसतात दुसऱ्या खेपेला. न कळवता येतात.”

“याहून बरं काय!” ती म्हणाली, आणि अर्ज पुढे सरकवला.

नंतरचे दिवस कडकला फार जड गेले. घरात कायदा झाला होता: जे जिथे पडेल ते तिथेच राहील. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई सगळा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवलेल्या, म्हणून सगळे त्यांना कंडक्टरमावशी म्हणत. जबड्यांची टोपली त्यांनी स्वतः वर आणून आदळली.

“घ्या तुमचे पूर्वज. काल माझी बहीण आली, कपाट उघडलं आणि किंचाळली. म्हणे, ताई, हे सगळे कोणाचे?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, विनातिकीट प्रवास करणाऱ्यांचे.”

जबडे खिडकीत परत आले. दोरीवर ओल्या शर्टांशेजारी मोजे लोंबू लागले. कडक दाराआड उभा राहून हात मागे बांधून घेई. एकदा तर बत्तिशीनं त्याला पकडलंच; तिची पाठ वळताच त्यानं टॉवेलाची एक बाजू सरळ केली होती.

“ठेव खाली.”

“एकच घडी.”

“एकीनंच सुरुवात होते.”

अशात एका संध्याकाळी दूध जळलं. कोणी जाळलं हा वेगळा प्रश्न. बत्तिशीचं म्हणणं, तिनं कडकला ‘लक्ष ठेव’ सांगितलं होतं. कडकचं म्हणणं, त्यानं ‘हूं’ म्हटलं होतं आणि हूं म्हणजे हो नव्हे. बत्तिशी जमिनीवर मांडी घालून मेणात दात बसवत होती. कुणा म्हाताऱ्याचा वरचा जबडा उद्या दाखवायचा होता. कडक बनियनवर, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय कोमट पाण्याच्या बादलीत घालून बसला होता. खोलीत जळक्या दुधाचा वास कोंदला होता.

“हूं म्हणजे हो नाही, तर काय आहे?”

“हूं म्हणजे ऐकलं.”

“ऐकलंस आणि बसून राहिलास!”

“तू तरी कुठे उठलीस?”

“माझ्या हातात माणसाचे दात होते!”

दार अर्धवट उघडंच होतं. त्यातून एक पन्नाशीची बाई आत आली, फाइल काखेत, जिना चढून आल्यानं एक हात कमरेवर. तिनं एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा बादलीकडे, आणि एकदा खिडकीतून आपल्याकडे हसणाऱ्या जबड्यांच्या रांगेकडे.

“मी नगरपालिकेतून आलेय,” ती म्हणाली. “तुमचं झाल्यावर सांगा.”

बत्तिशी उठली, कोपऱ्यातली एकुलती खुर्ची मोकळी केली. तपासनीस बाई बसल्या. बादलीत पाय घातलेल्या कडककडे त्यांनी निरखून पाहिलं.

“अर्जदार आपणच?”

“हो.”

“मागच्या वेळी मी आले तेव्हा इथे एक कोटवाले गृहस्थ होते. चांगल्यापैकी कोट. ते कोण?”

बाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. बत्तिशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी भीतीही उभी राहिली. ‘तो माझा चुलतभाऊ’ असं कडक म्हणाला असता तर विषय संपला असता. समोर सगळा संसार पसरलेला होता, बाईंना पाहायला आणखी काही उरलं नव्हतं. आणि ‘तो मीच’ म्हटलं, तर जो माणूस एकदा सोंग घेऊन उभा राहिला त्याचं आजचं बनियन तरी खरं कशावरून?

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. “तो माझा भाचा होता!” कंडक्टरमावशी. कधीपासून पायरीवर उभ्या होत्या कोण जाणे. “बाहेरगावचा आहे. मोठा माणूस आहे. भाडं मागायला मीच त्याला वर पाठवलं होतं.”

तपासनीस बाईंनी दाराकडे पाहिलं, मग फाइल उघडली, पेन काढलं. “असं होय,” त्या म्हणाल्या. “मग तसं लिहिते.”

बत्तिशीनं कडककडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंड बंद ठेवलं. बोलली असती तर त्यानं तेच म्हटलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं; आणि नेमकं म्हणूनच बोलून चालणार नव्हतं. नाव त्याचं होतं. अर्ज त्याचा होता.

कडकनं बादलीतून एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. ओल्या पायांनी उभा राहिला.

“नाही, मावशी,” तो जिन्याकडे तोंड करून म्हणाला. मग बाईंकडे वळला. “मीच होतो तो. कोट लाँड्रीतला. गिऱ्हाईक सोडून गेलेला. मी तिथे इस्त्रीवर आहे, तुम्ही विचारा हवं तर.”

“भाचा नव्हता?”

“भाचाच नाही यांना. बहिणीला मूलबाळ नाही.”

“अरे मेल्या!” जिन्यातून आलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आपण कोट घालून का आलात?”

“आलो नाही बाई, इथेच होतो. घातला.” त्यानं एकदा घसा साफ केला. “गरीब दिसायची लाज वाटली. तुम्ही लिहायला येणार, अल्प उत्पन्न म्हणून. मला वाटलं, निदान कपडे तरी खोटं बोलतील माझ्या बाजूनं. ही तेव्हा घरी नव्हती. असती तर तिनं मला धुऊन दोरीवर टाकलं असतं.”

“आणि आज लाज नाही वाटत?”

कडकनं विचार केला. बत्तिशीला त्याचा विचार करतानाचा चेहरा ठाऊक होता. फार नाजूक कापडावर इस्त्री ठेवण्याआधी तो असाच थांबत असे.

“वाटते,” तो म्हणाला. “पण हिला हे वर्ष पूर्ण करायचंय. हिच्या हातचे दात पाहा ना तुम्ही. बाकी मी महिनाभर घाम गाळतो, चोरी करत नाही, आणि माझं उत्पन्न कमी आहे. हे तीनही खरं आहे. लिहून घ्या.”

बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

“इतकी वर्षं मी लोकांच्या घरी जातेय,” त्या म्हणाल्या. “मी यायच्या आधी लोक टीव्ही शेजाऱ्याकडे पाठवतात. फ्रिजवर चादर टाकतात. एका घरात तर आजोबांना सोन्याच्या दातामुळे तोंड उघडायची बंदी होती. गरीब दिसायला माणसं काय काय करतात! श्रीमंत दिसायला कोट घालणारा अर्जदार मी पहिल्यांदा पाहिला.” मग फाइलवर झुकून त्यांनी विचारलं, “किती वर्षं एकत्र आहात?”

“सहा,” बत्तिशी म्हणाली.

“पाच,” कडक त्याच दमात म्हणाला.

“सहा रे! पहिलं वर्ष धरत नाहीस का तू?”

“पहिल्या वर्षी तू बहिणीकडे राहत होतीस.”

“नावाला! जेवायला, झोपायला, भांडायला कुठे होते?”

“भांडायला इथे,” कडकनं कबूल केलं.

“पाच लिहिते, सहावं वादात,” बाई म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. पेन बराच वेळ चाललं. बत्तिशीला वाटलं, आता दात आणखी आवळले तर तिच्या वर्गातल्यांना नवं काम मिळेल.

“मी शिफारस करतेय,” बाई अखेर उठत म्हणाल्या. “अर्ज केलात त्या महिन्यापासून. वरचे साहेब माझ्या शिफारशीवर नुसती सही करतात, त्याची काळजी नको.”

“काय लिहिलंत?” बत्तिशीला राहवलं नाही.

बाईंनी फाइल लांब धरून वाचलं. “दोघे एकत्र राहतात. याबाबत शंका उरत नाही.”

“आणि उत्पन्न?” कडकनं विचारलं.

“अल्प.”

“बरोबर आहे,” कडक म्हणाला. शाळेत हजेरीला ओ द्यावी तसं, मोठ्यानं.

बाईंचे गुडघे दुखत होते, ते उठतानाच दिसत होतं. कडक ओल्याच पायांनी त्यांना जिना उतरवून द्यायला निघाला. एक हात कठड्यावर, एक त्यांच्या कोपराखाली. बत्तिशी परत जमिनीवर बसली. मेण गार होऊन घट्ट झालं होतं, ते पुन्हा ज्योतीवर धरावं लागणार होतं. तिचे डोळे भरले होते आणि गाल ओले होते. म्हाताऱ्याच्या समोरच्या दातांना आत्ता हात लावण्यात अर्थ नव्हता. ती तशीच बसून ऐकत राहिली.

खाली फाटक वाजलं. बाई गेल्या. मग कडकचा आवाज आला, मोकळा, आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा.

“झालं, मावशी! मी गरीब निघालो! अगदी सरकारी शिक्क्यानं!”

“मग आता भाडं वेळेवर दे, मेल्या,” मावशी म्हणाल्या. “आणि माझ्या बहिणीचं वांझपण चव्हाट्यावर मांडलंस, त्याचा हिशेब वेगळा.”